निएवेसच्या चुलीपासून पंच्याहत्तर मीटर पूर्वेला

तो कुत्रा तिने सकाळी पाहिला होता. पिवळट, एक कान अर्धा, आणि पुढचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन झोपलेला, खुडूक कोंबडी बसते तसा. सिनिया उगाल्दे गाडीतून उतरता उतरता थांबली. एक पाय रस्त्यावर, एक आत. दुपारचे दोन वाजले होते. बार्वाच्या चढावरच्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, मोटारींना वीज भरायच्या यंत्राच्या सावलीत, सकाळचा कुत्रा सकाळच्याच झोपेत होता. पहिला संशय तिला कंपनीचा आला नाही. स्वतःचा आला. आपण इथे येऊन गेलो आणि विसरलो, की आलोच नव्हतो आणि उगाच आल्यासारखं वाटतंय? तिच्या घरात एक माणूस होता ज्याला रोज या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटत, आणि तो तिचा बाप होता. हे रक्तातून येतं का, असं तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं तेव्हा त्या चष्मा पुसत म्हणाल्या होत्या, ‘येईलच असं नाही.’ ते वाक्य गेली तीन वर्षं ती जिभेखाली धरून होती, विरघळू न देता. तिने फोन काढला. सकाळी काढलेला फोटो उघडला. सकाळचे नऊ चौतीस: निळी भिंत, यंत्र, कुत्रा, अर्धा कान. आताची भिंत पिवळी होती, कारण दुकान कोपऱ्यावरचं होतं आणि मालकाने दोन रस्त्यांना दोन रंग दिले होते; सकाळी ती वरच्या रस्त्याने आली होती, आता खालच्या गल्लीने; सकाळी गल्ल्यावर बाई होती, आता तिचा भाऊ. पण यंत्राच्या झाकणावर हाताने रंगवलेला काजवा तोच होता, डोक्यावर गवती टोपी घातलेला. यादीत हे अकरा नंबरचं यंत्र होतं, ‘जुन्या अंजिरापासून दोनशे मीटर उत्तरेला’. आणि हेच सव्वीस नंबरचं होतं, ‘जळलेल्या औषधदुकानापासून शंभर पश्चिमेला, पन्नास दक्षिणेला’. सिनियाच्या जिवात जीव आला. म्हणजे आपण ठीक आहोत. कंपनी खोटं बोलते आहे. मग तिला या आनंदाची लाज वाटली, आणि लाज लपवायला तिने दुकानात जाऊन नको असलेली कॉफी मागितली.

बँकेत तीस वर्षं तिने हेच केलं होतं. लोक कागदावर घर दाखवत, ती जाऊन घर आहे का बघे. निवृत्त झाल्यावर तिला वाटलं होतं आता खुर्ची टाकून अंगणात बसू, पण अंगणात बाप बसलेला असे आणि तो तिला विचारे, ‘बाई, तुम्हाला कोणाला भेटायचंय?’ तेव्हा ती अशी किरकोळ कामं घेऊ लागली. हे काम पनामातल्या एका गुंतवणूक संस्थेचं होतं. ‘कार्बुंको’ नावाच्या एका लहानशा कंपनीने संस्थेला लिहून दिलं होतं की आमची अडतीस यंत्रं एरेदियाच्या डोंगरउतारावर चालू आहेत. कार्बुंको म्हणजे काजवा. अडतीस काजवे खरोखर आहेत की नाहीत, एवढंच सिनियाने बघायचं, आणि शेवटी एका अर्जावर तीन चौकटींपैकी एकीत खूण करायची: दावा खरा, दावा खरा नाही, दावा जाणूनबुजून खोटा. तिसऱ्या चौकटीत खूण पडली की संस्था हात झटकणार होती, आणि संस्थेने हात झटकले की कार्बुंको संपणार होती. मालक ओल्हेर सांचो याने राहतं घरसुद्धा यंत्रांत घातलं होतं आणि पैसे घेऊन दुसरा कोणी त्याच्या दारात उभा राहायला तयार नव्हता. पनामाच्या रेनाताने हे फोनवर अगदी सहज सांगितलं होतं, चेहरा न दिसणारी माणसं सांगतात तसं.

यादीतले पत्ते पाहून रेनाता वैतागली होती, सिनिया मात्र घरच्यासारखी रमली होती. शंभर मीटर म्हणजे या चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, मग ते अंतर साठ मीटर असो की दीडशे, हे काय कोणाला सांगायचं असतं? आणि अंजिराचं झाड पडून पस्तीस वर्षं झाली म्हणून अंजिरापासूनचं अंतर थोडंच बदलतं. तिचा बाप, तोबियास उगाल्दे, एकेचाळीस वर्षं याच चढांवर टपाल वाटत हिंडला होता. लहानपणी सुट्टीत ती त्याच्या मागे जायची. तो फाटकाशी थांबून ‘उपे’ अशी हाक मारायचा. घंटी कोणाकडे नव्हतीच, आणि असती तरी त्याने वाजवली नसती, घंटीला माणूस ओळखू येत नाही म्हणायचा. आतून कोणीतरी ओल्या हाताने यायचं. तो सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचा, बायकोला, सिनियाला, वाटेत भुंकणाऱ्या कुत्र्यांना. ‘तुम्ही काल भुंकला नाहीत, तब्येत बरी आहे ना?’ असं तो एका लंगड्या कुत्र्याला विचारताना तिने ऐकलं होतं, आणि कुत्र्याने विचार केल्यासारखं केलं होतं. घरोघरच्या चामड्याच्या, साबणाच्या, उकळत्या कॉफीच्या वासांवरून ती आजही सांगू शकली असती कोणतं दार कोणाचं. बाप एकदाही पत्ता चुकला नाही, एकदाही खोटं बोलला नाही. बँकेत कोणी तिच्या अहवालावर शंका घेतली की ती मनात म्हणायची, मी टपालवाल्या तोबियासची मुलगी आहे. आता तोच तोबियास स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जाताना वाट चुकत होता. मधे फक्त एक दार होतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत तिला अशा सहा जोड्या सापडल्या. चष्मा घातलेला काजवा दोनदा, छत्रीवाला दोनदा, गिटार धरलेला, गरोदर, झोपलेला, आणि हा टोपीवाला. प्रत्येक ठिकाणी एक पत्ता एका बाजूने येत होता आणि दुसरा दुसऱ्या बाजूने. बारा पत्ते, सहा यंत्रं. एक पत्ता काही केल्या लागला नाही, अडतीसावा: ‘वारलेल्या निएवेसच्या चुलीपासून पंच्याहत्तर मीटर पूर्वेला.’ तिने नऊ जणांना विचारलं. नऊ जणांना नऊ निएवेस माहीत होत्या आणि त्यातल्या पाच अजून जिवंत होत्या. म्हणजे बत्तीस, नाहीतर एकतीस. बँकेतल्या दिवसांत अशा वेळी तिच्या अंगात एक गार हुशारी चढायची. तिला तो माणूस आठवला ज्याने एकच घर तीन बँकांना तीन रंगांत दाखवलं होतं, आणि तिने जाऊन खिडकीच्या चौकटीवर नखाने खरवडून खालचे दोन रंग काढले होते. तेव्हा किती बरं वाटलं होतं. आज तसं बरं वाटत नव्हतं, याचं कारण तिला सापडत नव्हतं, आणि कारण न सापडणं हीसुद्धा आजकाल भीतीचीच गोष्ट झाली होती. बहुधा ते काजवे. खोटारड्या माणसाच्या यंत्रावर कोणी गरोदर काजवा कशाला काढेल?

ओल्हेर सांचोचं कार्यालय म्हणजे जुनं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. वय साठीच्या पुढचं, हाताला डाख देताना बसलेले जुने चटके, शर्टाच्या खिशात तीन स्क्रूड्रायव्हर, पेन एकही नाही. त्याने तिला बसवलं, लाकडी घोडीवरच्या कापडी पिशवीत कॉफीची पूड घातली आणि वरून पाणी ओतत पाठमोराच, बाईंच्या नावाआधी मानाने लावतात ते ‘दोन्या’ लावून म्हणाला, “सांगा, दोन्या सिनिया. बघितलीत माझी पोरं?”

“बघितली. सहा पोरांना तुम्ही दोन-दोन वेळा मोजलंय.”

पाणी ओतणारा हात थांबला. कॉफी थेंब थेंब गळत राहिली. ती त्याच्या पाठीकडे बघत होती. पाठ खोटं बोलत नाही असा तिचा तीस वर्षांचा अनुभव. पाठ आधी ताठ झाली आणि मग, तिला नीट दिसलं, सैल पडली, ओझं उतरल्यासारखी.

“सहा?” तो वळला. “नक्की सहा? सात नाहीत?”

“का हो, सात हवेत?”

“मला एकतीस आठवतात,” तो म्हणाला. “हाताने बसवलीत, मी सांगू शकतो कुठला खिळा वाकडा आहे ते. पण यादी छापून आली तर अडतीस. मी म्हटलं झालं, ओल्हेर, लागला तुझा नंबर. माझी आई अशीच गेली, शेवटी मला दूधवाला समजायची. सात यंत्रं मी विसरलो असं धरून चाललो. कोणाला विचारायचं? लेखापालाला विचारलं तर तो म्हणणार मालकाला वेड लागलंय.” त्याने पेला तिच्यापुढे ठेवला. “चार महिने दर रविवारी गाडी काढून मी स्वतःची यंत्रं शोधत हिंडतोय. हसा तुम्ही, हसण्यासारखंच आहे.”

ती हसली नाही. तिला ते दिसलं: देवळातून माणसं बाहेर पडताहेत, आणि हा बाबा काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालतोय, प्रत्येक दुकानासमोर गाडी हळू करून, कोणी बघत नाही ना याची खात्री करत. पण न विसरलेली गोष्ट विसरलो असं समजायचं आणि कागदावर विश्वास ठेवायचा, असं कोण करतं? जो घाबरलेला आहे तो करतो. काल दुपारी दोन वाजता एक पाय गाडीत ठेवून तिने तरी दुसरं काय केलं होतं?

मग त्याने दोन वह्या काढल्या. एक त्याची, तेलकट. दुसरी फ्लोरिबेतची, त्याच्या बायकोची, जी मागच्या वर्षी मार्चमध्ये वारली. फुलाफुलांचं वेष्टण घातलेली. काजवे तीच काढायची. हिशोब, फोन, दुकानदारांची भांडणं, सगळं ती बघायची, आणि कुठलं यंत्र कुठे हे दोघंही आपापल्या वहीत लिहायची. ती बार्वाची, म्हणून तिचं जग अंजिराच्या झाडापासून सुरू व्हायचं. तो सान राफाएलचा. त्याच्या लहानपणी औषधाचं दुकान जळालं होतं आणि तेव्हापासून पृथ्वीवरची सगळी अंतरं त्या राखेपासून मोजली जात होती. ती गेल्यावर लेखापालाने दोन्ही वह्या एकत्र केल्या, जे पत्ते सारखे होते ते एकदाच घेतले, उरलेले सगळे उतरवले. लेखापाल राजधानीतला, त्याला अंजीरही माहीत नाही आणि आगही.

“यावरून आमचं भांडण व्हायचं,” ओल्हेर म्हणाला. “मी म्हणायचो, बाई गं, ते झाड पडलं. ती म्हणायची, आणि तुमचं दुकान काय उभं आहे?”

सिनियाने अडतीसावा पत्ता त्याच्यापुढे धरला. तो फक्त त्याच्या वहीत होता, त्याच्याच अक्षरात. निएवेसची चूल. ओल्हेरने अक्षरावरून बोट फिरवलं. अक्षर माझं आहे, तो म्हणाला, पण ही निएवेस कोण ते मला ठाऊक नाही. फोनवर कोणी सांगितलं असेल तसं लिहिलं असेल. बसवलं असेल, नसेल. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. मघाशी सैल पडलेली पाठ परत ताठ झाली, आणि सिनियाला वाटलं, हा पत्ता आपण दाखवायलाच नको होता. पण तिचं कामच ते होतं. रेनाताचा फोन त्याच संध्याकाळी आला. ती म्हणाली, सहा दुबार म्हणजे सरळसरळ तिसरी चौकट, नाही का? सिनिया म्हणाली, अजून एक बघायचं राहिलंय. रेनाता म्हणाली, सोमवारी समितीची बैठक आहे, उद्या दुपारपर्यंत कळवा, आणि एक जास्त निघालं काय, कमी निघालं काय, काय फरक पडतो? काय फरक पडतो ते सिनियालाही धड सांगता आलं नसतं. यंत्र नसलं तर ओल्हेरने न बसवलेलं यंत्र वहीत लिहिलंय. असलं तर तो बसवलेलं विसरलाय. पहिल्यात त्याची कंपनी जात होती, दुसऱ्यात आणखी काहीतरी, आणि ती रात्री उशीपाशी असेच हिशेब घालत बसली.

शनिवारी बापाजवळ बसणाऱ्या शेजारच्या दोन्या लेलाच्या पुतणीचं लग्न निघालं. म्हणून सिनियाने बापाला गाडीत घेतलं. त्याने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि टपालाची जुनी चामडी पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत एक बिस्किट होतं. त्या चामड्याचा वास गाडीत पसरला तशी सिनिया क्षणभर आठ वर्षांची झाली, टाचेला फोड आलेली, पण सांगायचं नाही असं ठरवलेली. सांगितलं असतं तर उद्या नेलं नसतं. खिडकीतून कॉफीचे मळे, मळे कापून झालेली बंद फाटकांची घरं, परत मळे. बाप अगदी सभ्यपणे म्हणाला, “तुम्ही कुठे निघालात, बाई?”

तिला तो प्रश्न रोज बोचायचा. आज तिने फक्त उत्तर दिलं. “वारलेल्या निएवेसच्या चुलीपासून पंच्याहत्तर पूर्वेला.”

“मग खाली कशाला उतरताय?” तो म्हणाला. “वर घ्या. कॉफीच्या गिरणीपाशी डावीकडे.”

“गिरणी कुठंय इथे, ताता?”

“नाहीये. पण वळायचं तिथेच.”

तिने वळवली. गिरणीच्या जागी मोठ्या काचांची व्यायामशाळा होती. आत माणसं पट्ट्यावर धावत होती आणि कुठेच पोचत नव्हती. बाप पुढे झुकला. त्याचा हात आपोआप उठत होता: इथे सरळ, इथे सावकाश, या घरातली म्हातारी बहिरी आहे, दोनदा हाक मारायची. ती म्हातारी जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. सिनियाने दोनदा हॉर्न वाजवला. आपण हे का केलं, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. बरं वाटत होतं. न्हाणीघर न सापडणारा माणूस डोंगरभर एकही वळण चुकत नव्हता. त्याच्या डोक्यातून स्वतःचं घर गळून गेलं होतं, घरची माणसं, आजचा वार, मुलीचं नाव, पण वाट शाबूत होती. एका रिकाम्या प्लॉटपाशी त्याने थांबायला सांगितलं. गवतात काळे पडलेले तीन दगड होते.

“शनिवारी तमाली असायच्या,” तो म्हणाला. “मक्याच्या, केळीच्या पानात उकडलेल्या. निएवेसचा मुलगा लिमोनच्या गोदीत होता, महिन्याला एक पत्र. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचो.”

“काय असायचं पत्रात?”

“काही नसायचं. तब्येत बरी आहे, पाऊस आहे.” त्याने पिशवीचा पट्टा सारखा केला. “मी थोडं जास्त वाचायचो.”

“म्हणजे?”

“आई, तुझी फार आठवण येते. असं. ते माझ्याकडचं.”

सिनियाने चाकावरचे हात खाली घेतले. ज्या माणसाच्या नावावर तिने तीस वर्षं लोकांच्या खिडक्या खरवडल्या, तो दर महिन्याला फाटकाशी उभा राहून धडधडीत खोटं वाचत होता. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला तो माणूस फार आवडला. त्याला ती आज कोण वाटत होती कोण जाणे. बहुतेक लिफ्ट देणारी एखादी भली बाई. चालेल, तिला वाटलं. मी त्या भल्या बाईच्या जागीसुद्धा राहीन.

दगडांपासून पूर्वेला, तीन घरं सोडून, रोपांची वाडी होती. फाटकाशी बापाने पिशवी सावरून हाक मारली, “उपे,” आणि आतून ओल्या हाताने एक बाई आली, दोन्या एल्बा. वीज भरायचं यंत्र? आहे की. तिने चायोतेचा वेल पडदा सरकवावा तसा बाजूला केला. मांडवाखाली यंत्र होतं. चालू होतं. गावातल्या दोन शिक्षिका रोज भरून जातात, येताना पाव आणतात, बसून कॉफी पितात, एल्बा म्हणाली. चौदा महिन्यांपूर्वी मालक बसवून गेला तो परत आला नाही.

“चौदा महिने झाले. तुम्ही एक फोन तरी करायचात,” सिनिया म्हणाली.

“घरात बायको गेल्याची नऊ दिवसांची जपमाळ चालू असलेल्या माणसाला फोन करतात का कोणी? डोळे सुजलेले होते त्याचे. एक शब्द न बोलता काम केलं. मी म्हटलं, दुःख उतरलं की येईल. कोणाचं किती दिवसांनी उतरतं, आपल्याला काय ठाऊक?”

सिनिया झाकणापाशी वाकली. यावरही काजवा होता, पण हा फ्लोरिबेतचा नव्हता. एका बाजूला चार पाय, दुसऱ्या बाजूला दोन, आणि तोंड जरा पोपटासारखं. झाकणाच्या आत बसवल्याची तारीख होती. तिने ओल्हेरला फोन केला आणि फक्त ‘या’ म्हणाली.

तो आला तेव्हा तोबियास आणि एल्बा बाकावर बसून गुळाचं गरम पाणी पीत होते. ओल्हेर यंत्राकडे चालत आला, डॉक्टरकडे जातात तसा, मुद्दाम सावकाश. वेल त्यानेच बाजूला केला. बघत राहिला. मग त्या पोपटतोंड्या काजव्यावर त्याने अंगठा ठेवला आणि उचललाच नाही.

“हा माझा,” तो म्हणाला. “मी काढलाय हा. बायको असती तर म्हणाली असती, हे काय, झुरळ?”

“तारीख बघा,” सिनिया म्हणाली.

त्याने बघितली. ओठ हलले, दिवस मोजत होता. “पाचवा दिवस,” तो म्हणाला. “घर माणसांनी भरलं होतं. सगळी प्रार्थना म्हणत होती, आणि तिचा रंगाचा डबा खिडकीत उघडाच होता, वाळत होता. मी तो घेतला आणि मागच्या दाराने निघालो. मला वाटायचं त्या दुपारी मी गाडीतच बसून होतो कुठेतरी.” एल्बाने भांडी उचलली. “मी हरवलो होतो त्या दिवशी. यंत्र हरवलं नव्हतं. म्हणजे दोन्या सिनिया, माझ्या आईसारखं ते, ते मला…”

ती सांगू शकली असती की मी डॉक्टर नाही. तिने तीन वर्षं जिभेखाली धरलेलं वाक्य काढलं आणि त्याला दिलं. “येईलच असं नाही,” ती म्हणाली, आणि म्हणताना तिला पहिल्यांदाच ते खरं वाटलं.

अर्ज तिने तिथेच, गाडीच्या बॉनेटवर भरला. यंत्रं बत्तीस, सर्व चालू. खूण दुसऱ्या चौकटीत: दावा खरा नाही. बत्तीसाचे अडतीस तिने केले नसते, बापाने जास्त वाचलेलं असलं तरीही. खाली कारणासाठी एक ओळ होती, तिथे लिहिलं: ‘पतीपत्नी एकाच यंत्राचं अंतर आपापल्या गावच्या खुणेपासून मोजत. पत्नी हयात नसल्याने मेळ घालणारं कोणी उरलं नाही. फसवण्याचा हेतू नाही. मी स्वतः पाहिलं आहे.’ आणि सही केली. ओल्हेरने ते वाचलं, दोनदा, आणि खिशातल्या स्क्रूड्रायव्हरांपैकी एक काढून उगाच यंत्राचा एक घट्ट असलेला स्क्रू पिळत बसला. अर्जाचा फोटो सिनियाने रेनाताला पाठवला होता; तिचं उत्तर घरी येताना चढावर आलं. बत्तीस धरून समितीपुढे ठेवते, कागद नीट दिसतायत, अडचण येऊ नये. पण मालकाला सांगा, यापुढे पत्ते अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत द्या. सिनियाने गाडी कडेला घेऊन ते ओल्हेरला पाठवलं. मग बत्तीसाव्या यंत्राचा पत्ता संस्थेच्या तक्त्यात आकड्यांत भरला, आणि शेवटच्या मोकळ्या रकान्यात निएवेसची चूलही लिहिली. कोणाला लागली तर.

“तुम्हाला कुठे सोडू, बाई?” बापाने विचारलं. गाडी तीच चालवत होती.

“टपालवाल्या तोबियासचं घर माहीत आहे तुम्हाला?”

“त्याचं ना? चर्चच्या मागे, आंब्यापासून पन्नास उत्तरेला.” तो समाधानाने मागे टेकला. “ते मला माहीत नसायला काय झालं. चला, पोचवतो.”

आंबा उभा होता, अजून. फाटकाशी ती उतरली आणि किल्ली काढून आत निघाली, तर तिला त्याने हाताने अडवलं. थांबा, बाई, घरच्यांना येऊ द्या. त्याने शर्ट ओढून सारखा केला, पिशवी खांद्यावर घेतली आणि स्वतःच्या घराच्या फाटकाशी उभा राहून परक्याच्या घराला मारावी तशी हाक मारली. “उपे.” घरात कोणी नव्हतं. तिची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तो वाट बघत राहिला. त्याला घाई नव्हती, आतल्या माणसाला हात पुसायला वेळ लागतो हे त्याला माहीत होतं. सिनिया बाजूच्या बोळाने गेली, मागच्या दाराने आत शिरली, अंधाऱ्या स्वयंपाकघरातून चालत आली आणि पुढचं दार उघडून पायरीवर उभी राहिली. नळाखाली हात ओले करून आली होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

“आले, आले. कोण आहे?”

“टपाल,” तोबियास म्हणाला. “रजिस्टर आहे. सही लागेल.”

त्याने पिशवीत हात घातला, चाचपलं, बिस्किट लागलं, ते परत ठेवलं. मग त्याने रिकामा तळहातच पुढे केला. तिने ओल्या बोटाने त्यावर सही केली, सावकाश, पूर्ण नाव, बापाचं आडनाव आणि मग आईचं, बँकेत करायची तशी. तो तळहात त्याने उजेडात धरून नीट वाचला.

“उगाल्दे सामोरा,” तो म्हणाला. “बरोबर. पत्ता बरोबर आहे.”